सपाता

ओल्शिनेकच्या महालात तेओफिलाबाई
आधी पायांकडे बघतात, चेहऱ्याकडे नंतर.
दाराशी लाकडी खोका. त्यात करड्या नमद्याच्या सपाता,
सगळ्या एकाच मापाच्या, अवाढव्य,
जणू या घराण्यात राक्षसच नांदले.
"बुटांवरून चढवा. नाडी आवळा.
आणि पाय उचलायचा नाही, सरकवायचा."

मग आम्ही अठ्ठावीस जण,
बसने आलेले, डब्यात उकडलेली अंडी आणलेले,
बदकांसारखे निघालो
ओक आणि अक्रोडाच्या नक्षीवरून.
माझ्यापुढे लुब्लिनचा एक दंतवैद्य
आणि त्याची सात वर्षांची इदालिया,
जिला पहिल्याच दालनात कळलं
की इथे घसरता येतं.
बाईंनी एक दालन घसरू दिलं.
दुसऱ्यात नुसत्या खाकरल्या.

भिंतीवरचं रेशीम एके काळी चेरीच्या रंगाचं होतं म्हणे.
आता त्याच पत्तीवर तिसऱ्यांदा पाणी घातलेल्या चहासारखं.
"उजेडानं मरतं ते," बाई म्हणाल्या,
"आणि माणसांच्या श्वासानं.
पण श्वास घ्या, तेवढी सूट आहे."
कुणाचं तरी बोट संगमरवरी मेजाकडे निघालं होतं,
ते वाटेतूनच खिशात परतलं.

दंतवैद्यानं विचारलं,
ही लादी इतकी लखलखते, मेण कोण लावतं?
बाई थांबल्या.
"पूर्वी गावातली चार पोरं होती.
पायांना ब्रश बांधायचे, हात पाठीमागे,
पहाटे पाचपासून नाचायचे
सरदारीणबाईंना जाग येईपर्यंत.
माझे आजोबा त्यातले.
त्यांची तसबीर इथे नाही, शोधू नका.
आता माणूस ठेवायला पैसे नाहीत.
आता तुम्ही आहात."
आणि पुन्हा आमच्या पायांकडे पाहिलं.

आम्हीही पाहिलं.
कुणी हसलं, कुणाचे कान लाल झाले.
दंतवैद्य मात्र गुपचूप मागे फिरला,
खिडकीखाली एक कोपरा निस्तेज राहिला होता,
तिथे चार वेळा पाय घासून आला.

सपाता खोक्यात टाकल्या. आतून गरम होत्या.
पुढचा जथा तिथेच उभा होता, एका पायावर.

बागेत सगळे पांगले.
मी पाटी वाचली: हंसांना पाव घालू नका.
पाव पिशवीत ठेवला, हंसाने मला नावं ठेवली.
हिरवळीतून एक चोरवाट गेली होती,
आळशी पायांनी पाडलेली. मी लांबून गेलो,
डावा गुडघा कुरकुरत होता तरी.

तळ्यामागचं ते बीचचं झाड
मला विचारावं लागलं नाही कुणाला.
एकोणीस वर्षांचा होतो,
साखर कारखान्याची सहल, खिशात नवा चाकू,
आणि हाल्श्का माझ्याकडे न बघता हसत होती.
रोख आणि हाल्श्का,
दोघांची पहिली अक्षरं, मध्ये अधिकचं चिन्ह.
हाल्श्काने पुढे खलाशाशी लग्न केलं.
झाड उंच गेलं. अक्षरं वर गेली नाहीत,
होती तिथेच राहून नुसती रुंदावली,
माझ्यासारखी.
काठांना साल सुजलेली, काळी.

मागे पावलं वाजली. इदालिया, मुठीत एक चेस्टनट.
"हे कुणी केलं?"
"एका गाढवाने."
तिने अक्षरं नीट न्याहाळली, डॉक्टरच्या मुलीसारखी.
"दुखतं का त्याला?"
"झाडाला? माहीत नाही."
"सापडला का तो?"

तळ्यापलीकडे महालाच्या खिडक्या.
एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत
माणसं सरकत होती, हात पाठीमागे,
कुणी न सांगता.

"सापडला," मी म्हणालो.
"मग त्याला काय केलं?"
मला उत्तर सुचेना.
वडिलांनी हाक मारली. ती पळाली.
मी पण निघालो,
आणि खडीच्या वाटेवर बराच वेळ
माझा पाय उचलेना.